संगणकाच्या बिलात न दिसणारी वस्तू

दुकानातील संगणकाच्या पडद्यावर खालच्या उजव्या कोपऱ्यात एके दिवशी फिकट अक्षरे उमटतात. विंडोज सक्रिय करा, अशी ती सूचना असते. पहिले काही दिवस तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पुढे पुढे ती डोळ्यांना खुपू लागते आणि संगणक जुळवून देणाऱ्या कारागिराला फोन जातो. तो संध्याकाळी येतो, खिशातला पेनड्राइव्ह लावतो, अर्ध्या तासात सूचना नाहीशी करतो, चहा घेतो आणि चारपाचशे रुपये घेऊन निघून जातो. दुकानदाराच्या लेखी विषय मिटलेला असतो. त्याच संगणकावर त्याचे वर्षभराचे हिशेब असतात, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे तेथूनच भरली जातात, बँकेचे व्यवहारही तेथूनच होतात. पेनड्राइव्हमधून नेमके काय आत गेले, हे मात्र कोणी विचारलेले नसते.

असे दुकानदार काही बेफिकीर नसतात. ठरल्या मुदतीत वजनकाटा पडताळून घेणारे, रोजमेळ त्याच रात्री पुरा करणारे, उधारीची पै न पै लिहून ठेवणारे हे लोक. तरीही संगणकातील कार्यप्रणाली ही स्वतंत्र वस्तू आहे, तिची स्वतंत्र किंमत आहे आणि तिचा स्वतंत्र परवाना असावा लागतो, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. कारण ती दिसत नाही. पंखा विकत घेतला की वारा त्यात आलाच, तसे संगणक घेतला की विंडोज आलेच, अशी सर्वसाधारण समजूत असते.

सनदी लेखापालाकडे उमेदवारी करणारी मुलगी घरात असली, की मार्चअखेरीस एखाद्या दुकानात पुढील धर्तीचा संवाद घडतो.

“अण्णा, संगणकाचं बिल सापडलं. पण त्यात विंडोज कुठं दिसत नाही.”

“संगणक घेतला म्हणजे त्यात ते आलंच की.”

“बिलात सीपीयू, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि यूपीएस, एवढंच आहे.”

“पाच वर्षं झाली, कुणी विचारलं नाही. आता कोण विचारणार आहे?”

अण्णांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे, हे मान्य करावयास हवे. एकट्यादुकट्या दुकानात संगणक तपासावयास सहसा कोणी येत नाही. परंतु ‘कोणी विचारत नाही’ हे उत्तर वजनमापांच्या बाबतीत अण्णांनी स्वतः कधीच स्वीकारले नसते.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय आज्ञावलीला साहित्यकृतीचे संरक्षण मिळाले. म्हणजे कादंबरी आणि विंडोज कायद्याच्या दृष्टीने एकाच पंगतीत बसले. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ बी आले. आज्ञावलीची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि किमान ५०,००० ते कमाल २,००,००० रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. वापर नफ्यासाठी अथवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय सबळ कारणे नोंदवून कारावास माफ करू शकते आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंडावर भागवू शकते. येथे ‘धंदा’ हा शब्द महत्त्वाचा ठरतो. घरी चित्रे रंगविणाऱ्या मुलाचा संगणक आणि दुकानाच्या गल्ल्याशेजारचा संगणक यांत कायदा फरक करतो. सवलत पहिल्यासाठी आहे. ‘जाणूनबुजून’ हा शब्दही तितकाच महत्त्वाचा. सूचना पडद्यावर उमटली आणि ती पुसण्यासाठी माणूस बोलावला, की त्यानंतर ‘ठाऊक नव्हते’ असे म्हणणे कठीण होते.

हा वाद मात्र कायद्याहून जुना आहे. १९७६ च्या फेब्रुवारीत वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी अमेरिकेतील हौशी संगणकप्रेमींना एक खुले पत्र लिहिले. ‘अल्टेअर’ या छोट्या संगणकासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेसिक ही भाषा सिद्ध केली होती. ती सगळीकडे वापरात आली, पण बहुतेकांनी तिच्या फिती एकमेकांकडून नकलून घेतल्या. विकत घेणारे दहांत एकही नाहीत, असा त्यांचा अंदाज होता. यंत्रासाठी पैसे मोजता, मग त्यावर चालणाऱ्या आज्ञावलीसाठी का नाही, हा त्यांचा सवाल होता. अनेकांना ते पत्र रुचले नाही. ज्ञान वाटल्याने वाढते, असे मानणारा एक प्रवाह तेव्हाही होता. त्याच विचारातून पुढे रिचर्ड स्टॉलमन यांची मुक्त आज्ञावलीची चळवळ १९८३ मध्ये उभी राहिली आणि १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला.

तेव्हा आपल्यापुढे दोन प्रामाणिक मार्ग आहेत. एकाने वस्तूची किंमत सांगितली आहे, दुसऱ्याने ती सर्वांसाठी खुली केली आहे. पहिल्याची वस्तू दुसऱ्याच्या भावात हवी, असा आग्रह धरला की गोंधळ सुरू होतो. ‘एवढ्या धनाढ्य कंपनीचे काय बिघडते?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो पुण्यात घडलेल्या ‘श्रीलिपी’सारख्या मराठी अक्षरसाधनांना लावून पाहावा. त्यांच्याही नकला वर्षानुवर्षे फिरत आल्या. लग्नपत्रिका छापणाऱ्यांपासून वृत्तपत्रांपर्यंत मराठी अक्षर संगणकावर आणणारे ते लोक अब्जाधीश नव्हते. नकल करणाऱ्याने कंपनीची श्रीमंती पाहून भेदभाव केला, असे कोठे आढळत नाही.

श्रावकाचाराच्या अभ्यासकांना येथे अचौर्याणुव्रताचे अतिचार आठवतील. चोरून आणलेली वस्तू घेणे, म्हणजे तदाहृतादान, आणि अस्सलाच्या जागी नकली खपविणे, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, हे दोन्ही तेथे नावानिशी सांगितले आहेत. ज्याने स्वतः चोरी केलेली नाही, केवळ घेतले किंवा विकले, त्याचाही विचार शास्त्रकारांनी केला होता, हे विशेष. कारागीर आणि गिऱ्हाईक या दोघांनाही ते लागू पडते.

आता व्यवहाराकडे वळू. आपल्या संगणकावरील प्रत अस्सल की नक्कल, हे कसे ओळखावे? सर्वांत पहिला पुरावा बिल. त्यानंतर पडद्यावर सेटिंग्ज, त्यात सिस्टिम आणि त्यात ॲक्टिव्हेशन या क्रमाने गेले, की परवान्याची स्थिती दिसते. (विंडोज १० मध्ये ॲक्टिव्हेशन हे ‘अपडेट आणि सिक्युरिटी’ या भागात असते.) ‘डिजिटल लायसन्स’ने सक्रिय, असे लिहिलेले असेल, तर बहुधा चिंता नसते. ‘आपल्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेद्वारे सक्रिय’ असा मजकूर मात्र तीन माणसांच्या दुकानात दिसला, तर शंका घ्यावी. ही सोय मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठे यांच्यासाठी आहे. त्यांचा स्वतःचा एक सर्व्हर असतो आणि प्रत्येक संगणकाने १८० दिवसांच्या आत त्याच्याशी संपर्क साधून परवानगीचे नूतनीकरण करावयाचे असते. नकली ‘ॲक्टिव्हेटर’ संगणकाच्या पोटातच असा एक खोटा सर्व्हर उभा करतो आणि आपणच आपल्याला परवानगी देत राहतो. बनावट मुखत्यारपत्र तयार करून दर सहा महिन्यांनी त्यावर स्वतःच सही ठोकण्याचा हा प्रकार होय.

परवान्याचे मुख्य प्रकार तीन. यंत्रासोबत येणारा ओईएम परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. यंत्र मोडीत निघाले की तोही संपतो. सुटा विकत घेतलेला रिटेल परवाना जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतो. तिसरा, संस्थांसाठीचा ठोक परवाना. इंटरनेटवर दोनतीनशे रुपयांत जी पंचवीस अक्षरांची ‘की’ मिळते, ती पुष्कळदा या तिसऱ्या प्रकारातून फुटलेली असते. ती आज चालते आणि एखाद्या दिवशी कंपनी ती बाद करते. विकणारा तोवर दुसऱ्या नावाने दुकान मांडून बसलेला असतो. काही हजारांची वस्तू काहीशे रुपयांत का मिळते, हा प्रश्न धान्याच्या व्यापाऱ्याला तरी शिकवावा लागू नये.

खरा धोका वेगळाच आहे आणि तो पैशांत मोजण्यापलीकडचा आहे. ॲक्टिव्हेटर चालविण्यापूर्वी कारागीर बहुधा विषाणूरोधक बंद करतो, कारण तो चालू असता अशी आज्ञावली अडवली जाते. सूचना पुन्हा येऊ नये म्हणून सुरक्षा अद्यतनेही बंद करून ठेवतो. म्हणजे अनोळखी माणसाला तिजोरीच्या खोलीत सोडताना राखणदाराला रजा दिली आणि नंतर दाराचे कुलूपही काढून टाकले. अशा साधनांच्या आड पासवर्ड टिपणाऱ्या आज्ञावल्या लपविल्या जातात, हे सुरक्षातज्ज्ञांना वारंवार आढळले आहे.

अद्यतने न घेण्याची किंमत १२ मे २०१७ रोजी जगाने पाहिली. ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील माहिती कुलूपबंद केली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतील शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजविणारे अद्यतन दोन महिने आधी, मार्चमध्येच प्रसिद्ध झाले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, ते सापडले. त्यांत अस्सल परवाना असूनही आळस करणारे होतेच. पण ज्याच्या संगणकावर अद्यतने मुद्दामच बंद केलेली आहेत, त्याला सावध होण्याची संधीही नसते.

मग करावे काय? प्रथम, घाईने काही पुसू नये. हिशेबाच्या आज्ञावलीतील सर्व माहिती, विवरणपत्रे, छायाचित्रे यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत म्हणजे प्रत नव्हेच. जुने मराठी मजकूर युनिकोडपूर्व अक्षरसाधनांत असतील, तर त्यांची यादी वेगळी ठेवावी, नाहीतर नंतर पडद्यावर केवळ इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो.

त्यानंतर लॅपटॉप असल्यास एक गोष्ट अवश्य तपासावी. विंडोज ८ पासून पुढे, विंडोजसह विकल्या गेलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये परवान्याची की कारखान्यातच यंत्राच्या मुख्य चिपमध्ये नोंदलेली असते. घेताना त्यावर अस्सल ‘होम’ आवृत्ती होती. पुढे कधीतरी यंत्र मंद झाले म्हणून कारागिराने सगळे पुसले आणि हाताशी असलेली ‘प्रो’ची नकली आवृत्ती चढविली, असे सर्रास घडते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अशा यंत्रावर कंपनीच्या संकेतस्थळावरून मिळणारी होम आवृत्ती नव्याने चढविली, की ती आपोआप सक्रिय होते. एक रुपयाही लागत नाही.

ज्यांच्याकडे परवाना मुळातच नाही, त्यांनी तो अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्यावा. नोंदणीकृत व्यापाऱ्यास त्यावरील करवजावट मिळते आणि घसाराही मिळतो. त्यामुळे वाटतो तितका हा खर्च अंगावर येत नाही. ॲक्टिव्हेटर एकदा चालवून झालेला असेल, तर नुसती नवी की घालून भागवू नये. डिस्क पूर्ण पुसून नव्याने प्रणाली चढवावी आणि बँकेसह सर्व पासवर्ड बदलावेत, तेही दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. जुन्या यंत्रावर पैसे घालण्यापूर्वी ते विंडोज ११ पेलते का, हे विचारून घ्यावे. पुष्कळ जुनी यंत्रे त्या अटींत बसत नाहीत.

दुसरा मार्ग लिनक्सचा. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल प्रणाली आणली. लिनक्स मिंट आणि उबुंटू याही विनामूल्य आहेत. पत्रव्यवहार, ई-मेल, इंटरनेट एवढ्यासाठी त्या पुऱ्या पडतात. हिशेबाची बहुतेक रूढ साधने विंडोजसाठीच लिहिलेली असल्याने गल्ल्यावरचा संगणक तिकडे नेण्याचा आग्रह धरू नये. घरातल्या दुसऱ्या यंत्रापासून आरंभ करावा.

शेवटी दानाविषयी. नवा संगणक आला, की जुना पाठशाळेला किंवा विद्यार्थी वसतिगृहाला देण्याची चांगली चाल आपल्याकडे आहे. देताना आपली माहिती पुसावी, ओईएम परवाना असेल तर त्याचे बिलही सोबत द्यावे. परवाना नसेल, तर नकली प्रणालीसह यंत्र देऊन तिचा भार संस्थेच्या माथी मारू नये. त्यावर लिनक्स चढवून द्यावे. दोनेक तासांचे काम आहे. छपाईयंत्र जोडताना थोडी खटपट करावी लागेल, तीही आपणच करून द्यावी आणि मराठी कळफलक चालतो की नाही, हे तेथल्या एखाद्या मुलाकडून टंकून घेऊन पाहावे.