मनोरुग्णास चोर ठरविणारा जमाव

केरळमधील अट्टप्पाडी येथे २२ फेब्रुवारी २०१८ रोजी एका आदिवासी तरुणाचा जमावाच्या मारहाणीने अंत झाला. तो मनोरुग्ण होता आणि घर सोडून रानातील गुहेत राहत असे. दुकानांतून तांदूळ चोरल्याच्या संशयावरून लोकांनी त्यास रानातून धरून आणले, त्याच्याच लुंगीने त्याचे हात बांधले आणि मारले. पोलिसांच्या गाडीतून इस्पितळात नेले जात असताना त्याने प्राण सोडला. बांधलेल्या त्या तरुणासमवेत एकाने स्वतःचे छायाचित्रही काढून घेतले. साक्षरतेसाठी आपण ज्या राज्याचे गोडवे गातो, तेथील ही घटना आहे!

एप्रिल २०२३ मध्ये विशेष न्यायालयाने १३ जणांना सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली. मात्र खटल्यात अनेक साक्षीदार उलटले. मारणारे थोडे होते. पाहणारे आणि नंतर गप्प बसणारे पुष्कळ होते. आम्हांस अधिक अस्वस्थ करतात ते हे दुसरे.

मनोरुग्ण हिंसक असतो, अशी आपली पक्की समजूत आहे. वस्तुतः तो हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याचाच संभव अधिक. ही हिंसा केवळ रस्त्यावरची नव्हे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी निवासास आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले २८ रुग्ण दगावले. त्यांतील अनेकांना घरच्यांनीच तेथे आणून सोडले होते. आमच्या धर्मग्रामांतही मागच्या खोलीला बाहेरून कडी घातलेली घरे नाहीत, असे छातीठोकपणे कोण सांगेल? आजाऱ्याला प्रार्थनेसाठी अवश्य आणावे, पण डॉक्टरांनाही दाखवावे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. निराधार भटकणाऱ्या रुग्णास संरक्षण देऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे, हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. त्यास कोठडीत ठेवता येत नाही. सल्ल्यासाठी १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक विनाशुल्क आहे. आमच्या वाचकांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? आम्हांलाही ते फार उशिरा कळले.

मार्कलिखित शुभवर्तमानात कबरांमध्ये राहणारा, बेड्या तोडणारा एक माणूस भेटतो. तो शुद्धीवर येऊन वस्त्र नेसून बसलेला दिसला, तेव्हा गावकरी आनंदले नाहीत, घाबरले. आणि त्यांनी येशूलाच आपल्या प्रांतातून निघून जाण्याची विनंती केली.

मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली, म्हणजे अट्टप्पाडीच्याच वर्षी, मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी व त्यांच्या पत्नीने अनेक वर्षांपूर्वी रस्त्यावरचा एक तरुण करवंटीने गटाराचे पाणी पिताना पाहिला. ते उभयता त्याच्याजवळ गेले, त्यास आपल्या रुग्णालयात नेले आणि उपचार केले. तो तरुण सुशिक्षित निघाला. आंध्र प्रदेशातील त्याचे घरचे लोक त्याचा शोध घेत होते.