मळा पाहिला, बाई पाहिली का?

मागच्या हिवाळ्यात आम्ही जळगाव-धुळ्याच्या चौदाजणी मुन्नारला जाऊन आलो. बचत गटातल्या आठजणी, नोकरी करणाऱ्या चौघी आणि आम्ही दोघी कार्यकर्त्या. वर्षभर थोडे थोडे पैसे साठवले होते. भुसावळहून मंगला एक्स्प्रेसनं एर्नाकुलम, तिथून बसनं घाट. आमच्यातल्या निम्म्याजणी माहेर आणि देवदर्शन सोडून पहिल्यांदाच कुठं निघाल्या होत्या. ‘चहाचे मळे पाहून काय मिळणार?’ हा प्रश्न बहुतेकींच्या घरात विचारला गेला होता. म्हणून आधीच सांगते, माझी तक्रार फिरण्याबद्दल नाही. बाईनं फिरावं, कारण नसतानाही फिरावं. प्रश्न आहे तो तिथं जाऊन आपण काय पाहतो याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटाड्यानं एका वळणावर गाडी थांबवली. खाली उतारावर दहा-बारा बाया पाला खुडत होत्या. त्यानं टाळ्या वाजवून त्यांना वर पाहायला लावलं. सगळ्यांचे मोबाइल निघाले. फोटो झाल्यावर एक बाई वर आली आणि तिनं हात पुढं केला. आमच्यातलीच एक पुटपुटली, ‘बघा, कशा सोकावल्यात पैशाला!’

अमळनेरकडच्या एक मावशी एवढा वेळ गप्प होत्या. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या. त्या म्हणाल्या, ‘माय वं, हाई ते आपली कापूस-येचनीच शे!’ मग त्यांनी समजावलं. संध्याकाळी हिचाही माल काट्यावर जात असणार. आपण तिला थांबवलं तेवढा तिचा पाला कमी भरणार. मग तिनं पैसे मागितले तर काय चुकलं?

मी समाजकार्याची पदवी घेतलेली. पण हा हिशेब मला सुचला नव्हता, तो मावशींना सुचला.

परतल्यावर मी मुन्नारविषयी वाचत गेले. २०१५ मध्ये तिथं ठरलेल्या रोजासाठी दिवसाला किमान २१ किलो पाला खुडावा लागे आणि रोज होता २३२ रुपये. त्या वर्षी बोनस २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा सप्टेंबरमध्ये हजारो बाया रस्त्यावर बसल्या. बहुतेक तमिळ, बऱ्याचशा दलित कुटुंबांतल्या. पिढ्यान्‌पिढ्या मळ्यावर राबलेल्या. त्यांनी आपल्या एकजुटीला नाव दिलं ‘पेंपिलै ओरुमै’, म्हणजे बायांची एकी. कामगार संघटनांच्या पुरुष पुढाऱ्यांना त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. आमच्या नावानं वाटाघाटी करता आणि मालकाशी जुळवून घेता, हा त्यांचा रोष होता. नऊ दिवसांत २० टक्के बोनसचा समझोता झाला. रोजाची मागणी ५०० ची होती. पुढच्या महिन्यात ३०१ वर तडजोड झाली. पूर्ण जिंकल्या नाहीत, पण आपलं बोलणं आपणच करायचं, हे त्यांनी दाखवून दिलं.

आणखी एक गोष्ट आमच्या एकाही फोटोत नव्हती: कामगारांच्या चाळी. हे घर नोकरीला बांधलेलं. आयुष्यभर राबून निवृत्त झालं की घर सोडायचं. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री मुन्नारजवळच्या पेट्टिमुडीत दरड कोसळून अशाच चाळी गाडल्या गेल्या आणि सत्तर माणसं गेली. फोटोत मात्र डोंगर हिरवेगारच दिसतात.

आता आपल्याकडे पाहू. चहामळ्यावरच्या बाईसाठी १९५१ च्या कायद्यानं घर, संडास, पाळणाघर मालकावर बंधनकारक केलं होतं. अंमलबजावणी किती झाली हा प्रश्न वेगळा, पण बोट दाखवायला कागद होता. आपल्या वेचणीवाल्या बाईकडे तोही कागद नाही. दवात ओल्या झालेल्या कपाशीत ती सकाळी शिरते, कमरेला ओटी बांधते, बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडून घेते. पोर बांधावर झोळीत. आडोसा नाही म्हणून ती दिवसभर पाणी कमी पिते. मजुरी किलोवर, आणि काटा मालकाच्या हातात. शिवाय मुन्नारच्या बाया एकाच कंपनीत, एकाच चाळीत राहणाऱ्या. एकीला कळलं की सगळ्यांना कळतं. आपली बाई आज या शेतात, उद्या त्या शेतात. ती कोणाविरुद्ध बसणार?

‘शेतकरीच बुडतोय, तो मजुरी कुठून वाढवणार?’ असं लगेच विचारलं जाईल. कोरडवाहू शेतकऱ्याबाबत ते खरंही आहे, आणि त्या घरातली बाईही वेचायला असतेच. पण काटा खरा ठेवायला, पिण्याचं पाणी आणि आडोसा करायला किती खर्च येतो? आणि रावेर-यावलच्या बागाईतदारालाही हेच कारण लागू होतं का?

आपल्याकडे बाया उठत नाहीत, असंही नाही. शहादा धुळे जिल्ह्यात होतं तेव्हाची गोष्ट. १९७२ पासून श्रमिक संघटनेच्या लढ्यात भिल्ल बाया मजुरीसाठी आणि जमिनीसाठी पुढं होत्या. त्यांनीच दारूचे मडके फोडले, बायकोला मारणाऱ्यांना जाब विचारला. आपल्या पोरींना ही गोष्ट कितपत माहीत आहे?

आल्यावर गटाच्या बैठकीत आम्ही फोटो पाहिले. त्या बाईच्या फोटोपाशी मावशींनी हात वर केला आणि विचारलं, ‘हिचं नाव काय?’ आम्हा चौदाजणींपैकी कोणालाच सांगता आलं नाही. विचारलंच नव्हतं.

त्या बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. पुढच्या सहलीत परवानगीशिवाय कोणाही कष्टकरी बाईचा फोटो काढायचा नाही, आणि काढला तर तिचा वेळ फुकट घ्यायचा नाही. दुसरी गोष्ट घरची. वेचणी सुरू होण्याआधी गावातल्या वेचणाऱ्या बायांनी एकत्र बसून किलोचा दर बोलायचा, आणि वजनाच्या वेळी त्यांच्यातल्याच एकीनं काट्याजवळ उभं राहायचं. तीन गावांत बोलणं सुरू झालंय. एका गावात पहिलाच प्रश्न आला, ‘काट्याजवळ उभी राहील तिला उद्या कामाला बोलावणार कोण?’

याचं उत्तर अजून आमच्याकडे नाही. तुमच्या गावात कोणी शोधलं असेल तर जरूर कळवा.