चुटकीला न्याय हवा, पण कोणता?

मुळशी तालुक्यातील चांदे हे गाव भातखाचरांच्या मुलखातले. पण हिंजवडीच्या संगणकनगरीच्या काचेच्या इमारतीही तेथून दूर नाहीत. भात लावणाऱ्याचे मूल आणि संगणकावर काम करणाऱ्याचे मूल यांची शाळा, भाषा, खेळणी वेगळी असतील. परंतु दोघांनाही ठाऊक असलेले एक गाव कोणत्याच नकाशावर नाही. त्याचे नाव ढोलकपूर.

हैदराबादच्या ग्रीन गोल्ड संस्थेने २००८ मध्ये पोगो वाहिनीवर ‘छोटा भीम’ आणला. नाव महाभारतातले, वेश धोतराचा, आवड लाडवांची आणि काम गावाच्या रक्षणाचे! परकीय कार्टूनच्या गर्दीत असा स्वदेशी बालवीर मिळाला, तेव्हा हिंदू घरांनी त्याचे मनापासून स्वागत केले. ते उचितच होते.

मात्र जून २०२० मध्ये, देश महामारीशी झुंजत असताना, समाजमाध्यमांवर एक विलक्षण ‘न्यायलढा’ पेटला. भीमाने म्हणे बालमैत्रीण चुटकीला सोडून राजकन्या इंदुमतीशी लग्न केले! चुटकीला न्याय द्या, असा घोष सुरू झाला. अखेर निर्मात्यांना खुलासा करावा लागला, की लग्नाची वार्ता खोटी आहे, मूळ मालिकेतील ही पात्रे अजून मुलेच आहेत आणि त्यांच्या निरागस आयुष्यात प्रेम व विवाह आणू नयेत. घोष करणारे कोण होते? ढोलकपूर पाहत मोठी झालेली, शिकलीसवरलेली तरुण पिढी! ही सारी थट्टा होती, असे म्हणून हात झटकता येतील. पण एक मुलगा आणि एक मुलगी एकत्र खेळताना दिसली, की ती ‘जोडी’च असली पाहिजे, ही दृष्टी थट्टेतून व्यक्त झाली तरी ती दृष्टीच असते.

हे सारे पश्चिमेचे किंवा जपानचे पाप, असे म्हणणे सोपे आहे. ‘शिनचॅन’मधील पाच वर्षांचा मुलगा मोठ्या मुलींच्या मागे लागतो. २००८ मध्ये भारतात त्या मालिकेवर बंदी आली आणि पुढे काटछाट होऊनच ती परतली, हेही योग्यच झाले. पण त्याच जपानच्या ‘डोरेमॉन’मध्ये नोबिता आणि शिझुका यांचा विवाह होतो तो मोठेपणी. २०१४ च्या चित्रपटात विवाहाच्या पूर्वसंध्येला शिझुकाचे वडील भावी जावयाची पारख करतात, ती दुसऱ्याच्या सुखदुःखाशी समरस होण्याच्या त्याच्या वृत्तीवरून. कन्यादान केलेल्या कोणत्याही मराठी पित्याचे डोळे तेथे पाणावतील. याउलट २००८ चा ‘रोडसाइड रोमिओ’ मुंबईतला, हिंदी बोलणारा. पण त्याने मुलांपुढे ठेवले ते रोमिओ आणि लैला या श्वानजोडीच्या रूपाने हिंदी चित्रपटातील छचोर प्रणयाचेच विडंबन. स्वदेशी शिक्का असला म्हणजे संस्कारही स्वदेशीच असतात, असे नव्हे.

येथे पुरोगामी मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो : ज्या समाजात बालविवाह होत होते आणि जेथे मुली भातुकलीत बाहुला-बाहुलीची लग्ने लावतात, त्याने हा सोवळेपणा का मिरवावा? त्याचे उत्तर स्पष्ट आहे. भातुकलीत लग्न असते ते घरातल्या सोहळ्याचे अनुकरण म्हणून. तेथे वऱ्हाड असते, पंगत असते, विहीणबाईंचा रुसवा असतो. मत्सर आणि प्रेमभंग नसतो. बालविवाहाचे म्हणाल, तर ती रूढी मोडण्यासाठी हिंदू समाजच उभा राहिला. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. आर्यसमाजी हरबिलास सारडा यांच्या प्रयत्नांतून १९२९ चा कायदा झाला. त्याने मुलीच्या विवाहाचे वय किमान चौदा आणि मुलाचे अठरा ठरवले. इतक्या कष्टाने ज्या बालपणाला बोहल्यावरून खाली उतरवले, त्याच बालपणाला आज करमणुकीच्या नावाखाली प्रणयाच्या मांडवात उभे करायचे काय?

चित्रपट बंद करा, हा यावरचा उपाय नव्हे. जपानच्या युगो साको यांनी राम मोहन यांच्यासह साकारलेला रामायणाचा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये भारतीय चित्रपटगृहांत झळकला. राम आणि सीता ही जोडीही चित्रांतूनच उभी राहते. पण त्यांचे प्रेम मुलांना कळते ते वनवासातील सोबतीतून आणि वियोगातील निष्ठेतून. प्रेम दाखवू नये असे कोणीच म्हणत नाही. ते कर्तव्यासह दाखवावे, एवढेच मागणे आहे.

म्हणून चांद्यातील ओसरी असो की हिंजवडीतील सदनिका, मूल कार्टून पाहत असताना घरातील एका वडीलधाऱ्याने शेजारी बसावे. दूरचित्रवाणी संच हा सांभाळणारी बाई नव्हे. ‘तुझी चुटकी कोण रे?’ असे सहा वर्षांच्या नातवाला हसत विचारणारे काका-मामा घरोघरी असतात. त्यांना प्रथम आवरावे. कुटुंब प्रबोधनाचा आरंभ मुलांपासून नव्हे, मोठ्यांपासून करावा लागतो.

चुटकीला न्याय हवाच आहे. तिला वर नको. तिचे बालपण हवे.