लेकीचा वाटा आणि घरातले गुपित

घराण्याची कादंबरी म्हटली की वाडा, दागिने आणि मृत्युपत्र डोळ्यांसमोर येते. अरुंधती रॉय यांच्या ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ या १९९७ सालच्या पहिल्याच कादंबरीतही जुने घर आहे, लोणच्याचा कारखाना आहे. आम्हाला मात्र त्यात आपल्याच घरांतला प्रश्न दिसला : लेकीचे काय?

केरळातल्या अयमेनम गावचे हे सीरियन ख्रिस्ती घराणे. नवऱ्याला सोडून अम्मू जुळ्या मुलांसह माहेरी येते. कारखान्यात ती भावाइतकीच राबते. मालक मात्र भाऊ. ही नुसती कल्पना नव्हे. त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्याने, बाप मृत्युपत्र न करता वारला तर, ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी कमी असेल तेच मिळे. लेखिकेच्या आई मेरी रॉय याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली जिंकल्या.

दुसरा वारसा जातीचा. वेलुथा हा परवन जातीचा कसबी सुतार. आजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतला, तरी चर्च वेगळेच राहिले. वर कागदोपत्री ख्रिस्ती म्हणून सवलतीही गेल्या. केंद्राच्या सवलतींबाबत १९९० पर्यंत बौद्धांनीही हेच सोसले. अम्मूचे आणि त्याचे प्रेम उघड होताच घराण्याची अब्रू राखण्यासाठी आत्या खोटी फिर्याद देते. पोलीस वेलुथाला मरेपर्यंत मारतात आणि लहानग्या मुलाकडून खोट्याला ‘हो’ म्हणवून घेतले जाते. गुपित थोरांचे, भोग लेकरांचा!

बंधू-भगिनींनो, हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. पुढे १९५६ चा वारसा कायदा झाला. तो बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलगा-मुलगी सारखे. वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ पासून मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. तरी वडिलांचे पुण्यानुमोदन आटोपते न आटोपते तोच बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. “सही कर ताई, माहेर तुटायला नको.” कागदात काय लिहिले आहे, हे कुणी तिला वाचूनही दाखवत नाही.

गावाकडची अर्धा एकर जमीन असो की शहरातली खोली, कागद सर्वांसमक्ष वाचा. बहिणीला घरी नेऊन विचार करू द्या. राजीखुशीने तिने सोडले तर तो तिचा निर्णय. पण माहेरपणाची किंमत म्हणून तिचा वाटा मागू नका.