आधी त्यांच्या बंदुका जमा करा

नागसेनवनात पोरांचा वाद रंगतो: आपल्याला बंदूक पाहिजे की न्हाई? मी म्हणतो, आधी कायदा वाचा. अॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांतला नियम ३. गरज वाटल्यास सरकारनं दलितांना शस्त्रपरवाने द्यावेत, हे त्यात छापलंय. पोरं तेवढंच पाठ करतात. त्याच्याच वर लिहिलंय: अत्याचारप्रवण भाग शोधा, तिथल्या बाकीच्यांचे परवाने गरजेप्रमाणे रद्द करा, हत्यारं सरकारजमा करा. ते कुणी वाचत न्हाई.

आणि आपल्याला मारलं कशानं? १९७८ ला नामांतराचा ठराव झाला, मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या. २००६ ला खैरलांजीत काठ्या-कुऱ्हाडी. काडीला, काठीला परवाना लागत न्हाई.

२०२२ साली देशात अनुसूचित जातींवरच्या अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. नोंदले तेवढेच. ठाण्यातून हाकललेला माणूस कुठल्याच रकान्यात नसतो. बंदुकीच्या अर्जावरचा अहवालही तेच ठाणं देतं. जो फिर्याद लिहीत न्हाई, तो परवान्याची शिफारस करील? आणि केलीच, तरी बंदूक उशाला घेऊन झोपलेल्या माणसाला सकाळी त्यांच्याच रानात मजुरीला जायचंय.

म्हणून मोर्चा कलेक्टर कचेरीवर. सवाल दोनच. जिल्ह्यातली किती गावं अत्याचारप्रवण ठरवली? त्या गावांतले त्यांचे किती परवाने रद्द केले? आकडे भिंतीवर लावा. आमच्या बंदुकीचं मग बोलू.