एक शब्द कमी पडला तर

पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र इंजेक्शन वॉर्डात इतर औषधांच्या शेजारी ठेवू नये, असा दंडक आहे. पातळ न करता ते शिरेतून गेलं तर हृदय थांबू शकतं. म्हणून ते वेगळ्या कप्प्यात ठेवायचं, ठळक लेबल लावायचं आणि देण्याआधी दुसऱ्या व्यक्तीने वाचून पाहायचं. त्याच इमारतीत, बहुधा एखाद्या जिन्याखालच्या धुळकट पेटीत, नेटवर्कचा राउटर असतो. रक्ताचे अहवाल, सीटी स्कॅनची चित्रं, औषधसाठा, केस पेपरची नोंदणी यांची वाहतूक त्याच्यातून चालते. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये बदल करायला मात्र एक तंत्रज्ञ, एक लॅपटॉप आणि एक पासवर्ड पुरतो. मला हे खटकतं.

घरच्या वायफायच्या राउटरवर आपण बटणं दाबून पासवर्ड बदलतो. मोठ्या संस्थांच्या राउटरवर हे काम बहुतेकदा काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाइप करून होतं. सिस्कोच्या अनेक राउटरवर एंटर दाबलं की ती ओळ त्या क्षणी लागू होते. ‘नक्की का?’ असं यंत्र सहसा विचारत नाही. आणि लागू झालेला बदल फक्त तात्पुरत्या स्मृतीत असतो. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा दिली तरच तो कायमचा नोंदला जातो. ती राहून गेली, तर सगळं महिनोन्‌महिने सुरळीत चालतं. मग एके रात्री वीज जाते, राउटर पुन्हा सुरू होतो आणि जुनं कॉन्फिगरेशन घेऊन उठतो. काय बदललं होतं हे तोवर कुणाला आठवत नाही. आमच्याकडे यासारखं रोजचं उदाहरण आहे: राउंडवर इन्सुलिनचा डोस तोंडी कमी केला, केस पेपरवर लिहिला नाही, आणि रात्रपाळीच्या सिस्टरने पेपरवर होता तोच दिला. तिचं काय चुकलं?

एका शब्दाचंही मोल पाहा. त्याच कंपनीच्या स्विचवर, दोन यंत्रांना जोडणाऱ्या एका मार्गावरून कोणकोणत्या विभागांची माहिती जाईल याची यादी असते. तीत ३० क्रमांकाचा विभाग जोडायचा तर आज्ञेत ‘अ‍ॅड’ हा शब्द लागतो. तो गाळला तर यंत्र समजतं की यापुढे फक्त ३०. प्रयोगशाळा, एक्स-रे, अपघात विभाग, सगळे त्या मार्गावरून एका झटक्यात बाद. ‘हेही औषध द्या’ आणि ‘हेच औषध द्या’ यांत जेवढा फरक, तेवढाच हा.

८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स कंपनीच्या राउटरवर बदल करताना एक गाळणी काढली गेली. मुख्य राउटरांवर मार्गांच्या माहितीचा लोंढा आदळला आणि ते कोलमडले. सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांची सेवा बंद पडली, अनेकांना ९११ हा आणीबाणीचा क्रमांक लागेना. दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्यांना राउटरपर्यंत पोहोचण्याची वाटही त्याच बंद पडलेल्या नेटवर्कमधून जात होती!

मग हात लावूच नये का? प्रशासनातल्या अनेकांना हा उपाय आवडतो. चालतंय ना, मग छेडू नका. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, कित्येक दिवस नोंदणी हाताने करावी लागली, आणि नेटवर्कचे विभाग नीट वेगळे केलेले नव्हते हे सरकारनेच संसदेत सांगितलं. ते विभाग वेगळे करायचे म्हणजे याच ओळी बदलायच्या. शस्त्रक्रियेत जोखीम आहे म्हणून आपण ती टाळत नाही, तयारीने करतो.

तयारीची साधनं यंत्रातच आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सिस्कोवर काम सुरू करण्याआधी ‘रीलोड इन १०’ म्हणायचं. बदलामुळे संपर्क तुटलाच तर राउटर दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू होतो आणि साठवलेल्या जुन्या स्थितीत येतो. सगळं ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’. ज्युनिपरच्या राउटरवर बदल आधी मसुद्यात राहतात, आणि ‘कमिट कन्फर्म्ड’ म्हटलं तर दहा मिनिटांत पक्की संमती न मिळाल्यास यंत्र स्वतःच माघार घेतं. मला ही सोय विलक्षण वाटते. चुकीच्या इंजेक्शनला अशी दहा मिनिटं मिळत नाहीत.

यंत्राने एवढं दिलं, बाकीचं माणसांनी करायचं आहे. बदलायच्या ओळी आधी लिहून दुसऱ्या जाणकाराने वाचाव्यात. रात्री दोन वाजता काम करायचं असेल तर अपघात विभागातल्या ड्युटी डॉक्टरला संध्याकाळीच कळवावं, कारण रात्री दोन ही वेळ कार्यालयासाठी निवांत असते, अतिदक्षता विभागासाठी नाही. छापील फॉर्म हाताशी हवेत. आणि त्या कॉन्फिगरेशनची ताजी प्रत, जी बऱ्याचदा फक्त काहीशे ओळींची असते, ठेकेदाराच्या लॅपटॉपवर नव्हे तर रुग्णालयाच्या ताब्यात, कुलपात असावी. ठेका बदलताना ती मागून घ्यायची अट निविदेत एका ओळीत घालता येते.