हळदीकुंकवातल्या चौकशा पुरे, आता हात द्या



आपल्या मंडळाच्या परवाच्या हळदीकुंकवाला जे झालं त्यावर गप्प बसणं मला जमणार नाही. वाण देता देता एका जुन्या सभासद बाईंनी नव्यानं आलेल्या एकीला भर हॉलमध्ये विचारलं, "काय गं, अजून नाही लागली नोकरी? एवढं शिकून?" ती स्थापत्य अभियंता आहे, पुण्यात ११ वर्षं पुलांची डिझाइनं केलेली. निघताना तिनं हॉलच्या बाथरूममध्ये साडी बदलली, डिकीतून सेफ्टी शूज काढले आणि ब्रॅम्प्टनच्या गोदामात रात्रपाळीला गेली. आठवड्याला दोन पाळ्या मिळतात, त्याही एजन्सीचा फोन आला तर. बेकारी विमा नाही, कारण त्यासाठी आधी इथेच पुरेसे तास भरावे लागतात.

"आम्हीही असेच दिवस काढले," म्हणे. काढले ना? मग वाट दाखवा!

नोकरीला 'कॅनडाचा अनुभव' हवा, हे पालुपद ऐकून कान किटले. ऑन्टारियोच्या अभियंता परवान्यासाठी ती अट मे २०२३ मध्येच गेली. २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना १ जानेवारी २०२६ पासून जाहिरातीतही ती घालता येत नाही. हे आपल्यातल्या किती मॅनेजरांना ठाऊक आहे? तरी बायोडेटा बाजूला सारणाऱ्यांत आपलेही हात आहेत, हे लाजिरवाणं आहे.

२०२० च्या टाळेबंदीत याच मंडळानं घरोघर डबे पोचवले. तेव्हा कुणी म्हटलं नाही की मंडळ म्हणजे खानावळ नव्हे. आज मात्र "मंडळ म्हणजे रोजगार केंद्र नव्हे" असं ऐकवतात.

तेव्हा ताबडतोब: नोकरीत असलेल्या प्रत्येकानं आपल्या कंपनीत एका तरी नवागताचं नाव सुचवावं. दर रविवारी ११ वाजता मंडळाच्या खोलीत बायोडेटा तपासू, मुलाखतींचा सराव घेऊ. मुलं सोबत आणा, खिचडी आहे. "नोकरी लावून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला एक डॉलरही देऊ नका. नोकरी शोधणाऱ्याकडून रिक्रूटरनं शुल्क घेणं इथे बेकायदा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून त्याला परवानाही लागतो. फसला असाल तर लपवू नका, आम्हाला सांगा. बँकेत पैसे संपत आले असतील तरीही सांगा. घरच्यांना "सगळं छान" म्हणत बेसमेंटमध्ये कुढत बसू नका.

आणि त्या बाईंनी येत्या रविवारी यावं. त्यांचे यजमान बांधकाम कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यांनाही घेऊन.

— सचिव